मेलेल्यांच्या डॉक्टरची रेडिओमावशी

रेडिओमावशीकडे कपडे शिवायला टाकायचे असले की बायका घरून निघतानाच ठरवून निघायच्या, आज काय सांगायचं आणि काय पोटात ठेवायचं. उपयोग काही व्हायचा नाही. टेप खांद्यावरून पाठीवर आणि पाठीवरून कमरेवर फिरायची, आणि मावशीची जीभ टेपच्या वीतभर पुढे चालायची. "खांदा उतरलाय गं तुझा. झोप होत नाही वाटतं? सासूबाई आल्यात का राहायला?" समोरची आधी नाही म्हणायची, मग हो म्हणायची, आणि बाहीचं माप होईपर्यंत सगळं सांगून मोकळी व्हायची.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दाराशी उजेडात शिलाईचं मशीन, मशीनच्या पायाशी चिंध्यांचा ढीग, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले, एका बाहीचे, बिनगळ्याचे, वाट बघत राहिलेले कपडे. खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात तिचा नवरा डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करत बसायचा. गाव त्याला घड्याळजी म्हणायचं. तो इतका कमी बोलायचा, की नवं गिऱ्हाईक त्याला मुका समजून हातवारे करायचं. कुणी विचारलंच, तर तो म्हणायचा, "घरात एक जण चालू आहे, तेवढं पुरे."

मावशीला रेडिओ हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही. तिला त्याचं वाईट वाटत नसे. उलट ती म्हणायची, "रेडिओ लोक पैसे देऊन विकत घेतात. मी फुकट आहे."

अशा बाईला जन्मात कुणी गप्प बसायची नोकरी देईल, असं गल्लीत कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

झालं ते असं. सरकारी दवाखान्याच्या मागच्या बाजूला, मोठ्या झाडाच्या सावलीत एक बैठी इमारत आहे. तिथे पोस्टमॉर्टेम होतं. पुढच्या इमारतीत गर्दी, रडारड, इंजेक्शनं आणि भांडणं. मागच्या इमारतीत पाण्याच्या नळाचा आवाज तेवढा. तिथले पडदे फाटले होते, म्हणून मावशीला मापं घ्यायला बोलावलं. तिथला डॉक्टर चाळिशीचा, उंच, जरा वाकलेला माणूस होता. गाव त्याला मेलेल्यांचा डॉक्टर म्हणायचं आणि तो रस्त्यातून जाताना उगीचच घसा खाकरून आपण ठणठणीत असल्याचं दाखवायचं.

मावशी खिडकीवर चढली, पडद्याची लांबी घेतली आणि खाली उतरेपर्यंत तिला कळलं होतं, की तिथल्या शिपायाची दाढ दुखतेय आणि डॉक्टरांना सांगायची त्याला भीती वाटते, डॉक्टर दुपारचा डबा उघडतात आणि तसाच बंद करतात, आणि डॉक्टरांच्या आईनं त्यांच्या लग्नाची आशा नुकतीच सोडली आहे. डॉक्टर आतल्या खोलीतून हे सगळं ऐकत होता. तो बाहेर आला आणि म्हणाला, "मावशी, हा शिपाई माझ्याकडे नऊ वर्षं आहे. त्याला दाढा आहेत हे मला आज कळलं."

मग त्यानं तिला खुर्ची दिली आणि आपलं दुखणं सांगितलं.

त्याच्या टेबलावर वरचेवर अशी माणसं येत, ज्यांनी स्वतःचाच जीव घेतलेला असे. त्यांच्या मृत्यूचा तो अभ्यास करत होता. एकट्याच्या हौसेनं नाही, वरच्या मोठ्या संस्थेनं काम दिलं होतं आणि रीतसर परवानगी होती. "मी तपासतो," तो म्हणाला. "हृदय बघतो, फुप्फुस बघतो. काय झालं आणि कसं झालं, ते शरीर सांगतं, आणि खोटं सांगत नाही. पण ते सगळं शेवटच्या घटकेचं. त्याच्या आधीचा महिना, आधीचं वर्ष, ते शरीरात कुठेच सापडत नाही. ते घरच्यांपाशी असतं. ते कळलं, तर पुढच्या एखाद्याला वेळेवर धरता येईल."

"मग जा की घरी. विचारा."

"गेलो होतो. मी दारात दिसलो की लोक उठून उभे राहतात. एका घरात तर एक आजोबा मला बघून म्हणाले, आता कोण?"

मावशीला हसू आवरेना. डॉक्टरही हसला, आणि हसताना तो बराच तरुण दिसला.

"तुम्ही माझ्यासाठी त्या घरांत जाल का? आधी विचारून, घरच्यांची तयारी असेल तरच."

"जाईन की. बोलायचंच तर काम आहे."

"तेच सांगायचं होतं," डॉक्टर म्हणाला. "बोलायचं नाही."

नियम त्यानं नीट समजावून सांगितले. गेलेल्या माणसानं असं का केलं, हे घरच्यांना विचारायचं नाही. तो एक प्रश्न घरातला प्रत्येक जण उठताबसता स्वतःला विचारत असतो. आपण त्यात भर घालायची नाही. सल्ला द्यायचा नाही. नशिबाला बोल लावायचा नाही. त्यांच्या तोंडात आपला शब्द घालायचा नाही. त्यांची आठवण जिथून सुरू होईल तिथून ऐकायचं.

"आणि मी काय करायचं?"

"गप्प बसायचं."

दारात उभा असलेला शिपाई दुखरी दाढ धरून इतका हसला, की शेवटी त्याला दाढ दाखवावीच लागली.

मावशी मानी बाई. एकदा हो म्हटलं की म्हटलं. तिनं सराव घरीच सुरू केला. संध्याकाळी घड्याळजीसमोर पाट टाकून बसली, हात मांडीवर ठेवले आणि त्याच्याकडे बघत राहिली. घड्याळजीनं एक स्क्रू बसवला, मान वर केली, परत खाली घातली. मग भिंग काढलं.

"अगं, बरं नाही का?"

मावशीनं मान हलवली.

त्यानं उठून तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. जीभ दाखव म्हणाला. मग चप्पल घालून थेट तिच्या बहिणीच्या घरी गेला आणि तिला अर्ध्या स्वयंपाकातून उठवून घेऊन आला. बहीण धापा टाकत आत आली. "काय झालं गं तुला?"

"काही नाही. मी ह्यांचं ऐकतेय."

"काय ऐकतेस? मी कुठं काय बोललो?" घड्याळजी म्हणाला.

"म्हणून तर इतका वेळ लागतोय, अहो!"

पण तिनं नेट सोडला नाही. रोज संध्याकाळी बसायची. आणि एके दिवशी घड्याळजी हातातला काटा चिमट्यात धरून, वर न बघता म्हणाला, "मला निळा शर्ट आवडत नाही."

मावशी बघतच राहिली. लग्न झाल्यापासून ती त्याला निळेच शर्ट शिवत आली होती. जीभ टाळ्याला चिकटवून तिनं तो घाव सोसला. त्या रात्री मात्र तिनं सगळी थकबाकी वसूल केली, आणि शेजाऱ्यांना बरं वाटलं, की रेडिओ दुरुस्त झाला.

अशी ती तयार झाली. नुसतं गप्प बसणं तिला जमेना, म्हणून तिनं स्वतःची एक रीत काढली. पिशवीत एखाद्या कपड्याची तुरपाई घेऊन जायची. त्या घरात जाऊन बसली की सुईत दोरा ओवायची आणि मान खाली घालून टाके घालत राहायची. समोरच्याला तिचे डोळे टाळायला नकोत, आणि तिच्या हाताला काम असल्यामुळे तिची जीभही शांत. सुई कापडात जायची, बाहेर यायची. कधी अर्धी किनार होईपर्यंत कुणी काही बोलायचं नाही. मग कुठूनतरी सुरुवात व्हायची. एका आईनं सुरुवात केली ती मुलीच्या चपलांपासून, ती कशी नेहमी उजवी चप्पल हरवायची. सांगता सांगता ती आई हसायला लागली, मावशीही हसली, आणि त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हसलं, म्हणून आतून मुलीचे वडील बाहेर येऊन बसले.

ऐकलेलं सगळं ती डॉक्टरला येऊन सांगायची, तोंडी. महिनाभराचं न बोललेलं तिथे बोलून घ्यायची. डॉक्टर लिहून घ्यायचा. घरोघरी वेगळं असायचं, आणि तरी काही गोष्टी परत परत ऐकू यायच्या. कुणाची झोप आधीपासून गेलेली होती. कुणी आपण सगळ्यांना ओझं झालोय असं बोलून दाखवलं होतं, आणि घरच्यांनी थट्टेवारी नेलं होतं. कुणी खूप दिवसांच्या घालमेलीनंतर एकाएकी शांत झालं होतं, आणि घरच्यांना वाटलं होतं, सुटलो, आता बरं आहे. कुणी आपल्या जिवाभावाच्या वस्तू वाटून टाकल्या होत्या. त्या वस्तू लोकांनी आनंदानं घेतल्या होत्या.

"कारण एकच नसतं ना हो," मावशी एकदा म्हणाली.

"नसतं," डॉक्टर म्हणाला. "लोकांना एकच हवं असतं. म्हणजे कुणावर तरी ढकलता येतं."

पुढे ती मिस्त्रीच्या घरी गेली.

मिस्त्री म्हणजे गावातला सुतार. त्याचा धाकटा भाऊ दुधाची गाडी चालवायचा. काही महिन्यांपूर्वी त्यानं आपला जीव घेतला होता. भावजय माहेरी गेली आणि मिस्त्री घरात एकटा उरला. पुढे कारखाना आणि मागे एक खोली, असं घर. मिस्त्री कामात पक्का आणि स्वभावानं काटेरी फणस. त्याच्याकडून अवजार उसनं मागणं म्हणजे त्याची किडनी मागण्यासारखं. एकदा शेजारच्यानं हातोडी मागितली, तर मिस्त्री स्वतः हातोडी घेऊन गेला, त्याचा खिळा ठोकला, आणि हातोडी घेऊन परत आला. कारखान्याच्या भिंतीवर त्यानं अवजारांच्या आकाराच्या रेघा मारून ठेवल्या होत्या. करवतीच्या रेघेत करवत, पटाशीच्या रेघेत पटाशी. एक वस्तू इंचभर सरकली तरी त्याला दारातून कळायचं.

पहिल्या खेपेला तो फक्त लाकडाबद्दल बोलला. कुठलं लाकूड पावसाळ्यात फुगतं, कुठलं खोटं बोलतं. मावशी तुरपाई करत राहिली. निघताना तिची नजर भिंतीवरच्या मोजपट्टीवर गेली. काळ्या लाकडाची, जुनी, हातानं झिजून गुळगुळीत झालेली, आणि आकडे पितळेचे. कापड मापायला अशी पट्टी म्हणजे स्वर्ग. तिचा हात आपोआप पुढे झाला.

"ताई, हात लावायचा नाही," मिस्त्री म्हणाला.

दुसऱ्या खेपेला तो काहीच बोलला नाही. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. तिनं पूर्ण किनार घातली आणि उठली.

तिसऱ्या खेपेला दार उघडलं आणि मावशीला वाटलं, घर चुकलं की काय. मिस्त्रीनं गुळगुळीत दाढी केलेली, अंगात धुतलेला शर्ट, कारखान्यात भुशाचा कण नाही. त्यानं तिला चहा दिला. मग भावाबद्दल सांगितलं, सगळं, सावकाश, जणू दुसऱ्या कुणाच्या भावाबद्दल सांगतोय. भाऊ लहानपणी गाडीच्या आवाजावरून गाडी ओळखायचा. शेवटच्या महिन्यात तो रोज येऊन इथेच बाकावर बसायचा. मिस्त्री त्याला म्हणायचा, बाजूला सरक, उजेड अडवतोस. मावशीच्या हातातली सुई थांबली, पण ती गप्प राहिली. नियम तो नियम.

ती उठल्यावर मिस्त्रीनं भिंतीवरची मोजपट्टी काढली आणि तिच्या हातात दिली. "घ्या ताई. तुम्हाला आवडली होती."

"अगंबाई! नको, नको," असं मावशी म्हणाली खरी, पण तोवर पट्टी तिच्या काखेत गेली होती.

बाहेर शेजारच्या ओट्यावर आत्या बसली होती. ती नात्यानं कुणाची आत्या होती ते माहीत नाही, पण सगळी गल्ली तिला आत्याच म्हणायची आणि तिचा मार खाऊन मोठी झाली होती. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून आत्यानं दाराशी काहीतरी जड अडकवलं होतं. मावशीनं वाकून पाहिलं. मिस्त्रीचा लाकूड तासायचा रंदा!

"काय गं रेडिओ, तुलाही मिळालं वाटतं?" आत्या म्हणाली. "दानशूर झालाय आमचा मिस्त्री. मला हे दिलंन्. समोरच्या इस्त्रीवाल्याला करवत दिली. तो करवतीनं काय करणार आहे, विजारी कापणार? पण छान झालं बाई, माणूस जरा मवाळ झाला."

"खरंच छान झालं," मावशी म्हणाली आणि पट्टी मिरवत बस पकडून दवाखान्यात गेली.

डॉक्टरसमोर बसून तिनं आधी पट्टी टेबलावर ठेवली आणि कौतुक करून घेतलं. मग सांगायला लागली. मिस्त्री कसा ताजातवाना दिसत होता. किती शांत बोलला. मागच्या खेपेला किती वाईट अवस्था होती आणि आज कसा एकदम सुधारला. एवढी जिवाची पट्टी, पण देऊन टाकली. आत्याला तर रंदा दिला, आणि इस्त्रीवाल्याला...

डॉक्टरचं लिहिणं केव्हाच थांबलं होतं. आणि मावशीचंही बोलणं थांबलं. इतके महिने लोकांचं ऐकून तिचे कान तयार झाले होते, आणि आता त्या कानांना तिचंच बोलणं ऐकू आलं.

"डॉक्टरसाहेब," ती म्हणाली, "सुतारानं रंदा दिला. आता उद्या तो काम कशानं करणार?"

"तुम्ही त्यांना विचारलंत?"

"काय?"

"जीव द्यावा असं मनात येतं का, म्हणून."

"तुम्हीच तर सांगितलंत, विचारायचं नाही!"

"गेलेल्याबद्दल, मावशी! गेलेल्यानं असं का केलं ते विचारायचं नाही. समोर बसलेल्या जिवंत माणसाला विचारू नका, असं मी कधी म्हणालो?"

"पण विचारा असंही नाही म्हणालात!"

ते खरं होतं. त्यानं सगळे नियम शिकवले होते, ते मेलेल्यांपुरते. त्या बैठ्या इमारतीत राहून त्याला सवयच लागली होती. अभ्यासातलं माणूस म्हणजे गेलेलं माणूस. बाजूच्या खुर्चीवर बसून बोलणारं माणूसही कधी अभ्यासाचा विषय होऊ शकतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि मावशीनं तो नियम आपल्या मानी स्वभावानुसार काटेकोर पाळला होता. दोघांनी मिळून एका माणसाचं फार नीट ऐकून घेतलं होतं, आणि त्याला तसंच मागे सोडलं होतं.

"मी विचारलं आणि त्याच्या डोक्यात नसलेलं शिरलं तर?" मावशीचा आवाज बारीक झाला.

"विचारल्यानं शिरत नाही. असलं, तर बाहेर यायला वाट मिळते. चला."

डॉक्टरकडे एक जुनी स्कूटर होती. मागे मावशी बसली, आणि घाईत उचललेली मोजपट्टी तिनं झेंड्यासारखी उभी धरली. डॉक्टर खड्डे चुकवत, प्रत्येक वळणावर हात दाखवत सावकाश चालला होता.

"अहो, जरा पळवा की!"

"रस्ता खराब आहे, मावशी."

"तुमचे पेशंट थांबतात, म्हणून तुम्हाला घाईची सवय नाही. हा थांबणार नाही!"

त्यानंतर डॉक्टरनं स्कूटर अशी हाणली, की बाजारातल्या माणसांनी मेलेल्यांच्या डॉक्टरला पहिल्यांदाच जिवाच्या आकांतानं जाताना पाहिलं.

ऊन उतरायला लागलं होतं. मिस्त्रीच्या कारखान्याचं दार लोटलेलं होतं. मावशीनं हाक मारली आणि उत्तराची वाट न बघता आत शिरली. मिस्त्री बाकावर बसला होता. समोरच्या भिंतीवर नुसत्या रेघा. करवतीच्या आकाराची भिंत, पटाशीच्या आकाराची भिंत. तरी मावशीचा जीव भांड्यात पडला. तो होता.

मागून डॉक्टर दारात येऊन उभा राहिला. मिस्त्रीनं त्याच्याकडे पाहिलं.

"डॉक्टर, मी अजून तुमच्या हद्दीत आलो नाही."

डॉक्टर उंबऱ्यातच थांबला. मावशी मिस्त्रीच्या शेजारी बाकावर बसली. तुरपाई दवाखान्यातच राहिली होती. हात मोकळे होते आणि त्यांचं काय करावं ते तिला कळेना. तिनं ते तसेच मांडीवर ठेवले आणि या खेपेला मान खाली न घालता थेट त्याच्याकडे पाहिलं.

"मिस्त्री, स्वतःचा जीव घ्यायचं तुमच्या मनात आहे का?"

शब्द बाहेर पडल्यावर ते तिला फार मोठ्यानं बोलल्यासारखे वाटले. गल्लीत कुणीतरी बादली आपटली. मिस्त्री भिंतीकडे बघत राहिला. मावशीच्या जिभेवर शंभर गोष्टी आल्या: असं करू नका हो, अहो काय हे, तुमच्या भावाला काय वाटेल. त्यातली एकही तिनं तोंडाबाहेर काढली नाही. तिनं आयुष्यात गिळलेल्या शब्दांत ते सगळ्यात जड होते.

"आहे," मिस्त्री म्हणाला.

"कधीपासून?"

"तो गेल्यापासून. आधी यायचं आणि जायचं. आता मुक्कामाला आलंय. ठरवलंच होतं मी." मग त्याचा श्वास असा सुटला, जसं डोक्यावरचं ओझं कुणी धरलं म्हणजे सुटतो. "गल्लीभर अवजारं वाटली, ताई. एकानंही विचारलं नाही, की मिस्त्री, तू उद्यापासून काय करणार. सगळ्यांनी थँक्यू म्हटलं."

"मीसुद्धा," मावशी म्हणाली.

"तुम्ही थँक्यूही नाही म्हटलंत. पट्टी काखेत मारलीत आणि गेलात."

मावशीला हसावं की रडावं कळेना, आणि मिस्त्रीच्या ओठाचा एक कोपरा किंचित हलला. तेवढ्यात दारातून डॉक्टरला ढकलून आत्या आत आली. तिनं सगळं ऐकलं होतं. तिच्या हातात तो रंदा होता.

"मेल्या!" आत्या ओरडली, आणि ओरडल्याबरोबर तिलाच तो शब्द टोचला. "मेल्या नाही, गाढवा! मला दार अडवायला देऊन गेलास हे! मी म्हातारी, मला काय कळतंय! तोंड नव्हतं का तुला?" एवढं बोलून ती त्याच्या खांद्याला धरून ढसाढसा रडायला लागली, आणि मग मिस्त्रीही रडला, भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच. उजेड अडवतोस म्हणालो त्याला, म्हणत राहिला. कुणी त्याला गप्प केलं नाही.

डॉक्टर आता आत आला. तो भुसा झाडलेल्या जमिनीवर मिस्त्रीच्या समोर उकिडवा बसला. "आपण आत्ताच दवाखान्यात जाऊ. पुढच्या इमारतीत. तिथे मनाच्या डॉक्टरीणबाई आहेत. मी स्वतः तुमच्याबरोबर थांबतो."

मिस्त्रीनं डोळे पुसले. "तुमच्याबरोबर दवाखान्यात गेलो, तर गल्ली म्हणेल मिस्त्री आटोपला."

"म्हणू दे," आत्या म्हणाली. "मी सोबत आहे. माझ्यासमोर म्हणेल कोण?"

चौघं एका रिक्षात बसली. मधे मिस्त्री, त्याच्या एका बाजूला आत्या आणि दुसऱ्या बाजूला मावशी, आणि पुढे रिक्षावाल्याला चिकटून डॉक्टर. मिस्त्रीच्या घराला कुलूप आत्यानं घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. "आजपासून तू माझ्याकडे राहायचंस. नाही म्हणालास, तर मी तुझ्याकडे येईन."

"म्हणजे शिक्षा मलाच," मिस्त्री म्हणाला.

ते काही एका दिवसात मिटलं नाही. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांनी मिस्त्रीला आधी नुसती झोप आली. मग चीड आली. काही दिवस तो आत्याच्या ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसे आणि आत्या भिंतीकडे पाठ करून त्याच्याशी बोलत बसे. आठवड्याच्या आठवड्याला मावशी त्याला पुढच्या इमारतीत घेऊन जायची. मधूनच ती परत तोच प्रश्न विचारायची, तसाच, सरळ. कधी तो म्हणायचा, आहे. कधी म्हणायचा, आज कमी आहे. भावजयही माहेरून येऊन गेली. दोघं खूप वेळ बसली, आणि निघताना ती म्हणाली, आपलं चुकलं हे मला एकटीलाच टोचतंय असं वाटत होतं.

एकदा मावशीनं डॉक्टरला विचारलं, "मिस्त्रीचं तुम्ही तुमच्या अभ्यासात कुठे घातलंत?"

"कुठेच नाही. माझ्या अभ्यासात त्याला जागाच नाही," डॉक्टर म्हणाला. त्याचा डबा त्या दिवशी रिकामा होता.

अवजारं गोळा करायचं काम आत्यानं अंगावर घेतलं. लोक लाजत लाजत आणून द्यायचे. इस्त्रीवाल्यानं करवतीनं खरंच काहीतरी कापलं होतं, कारण तिचे दात गेले होते. मिस्त्रीनं त्याला जे ऐकवलं, ते ऐकायला अर्धी गल्ली जमली आणि ऐकून सुखावली. सगळ्यात उशिरा परत आली ती मोजपट्टी. मावशी म्हणायची, आज विसरले, आज पाऊस होता. शेवटी घड्याळजीनंच ती कागदात गुंडाळून तिच्या हातात दिली.

"खडूचे डाग पाडलेत," मिस्त्री पट्टी उजेडात धरून म्हणाला. "तरी सांगत होतो, हात लावू नका."

मग मावशीनं त्याला काम सांगितलं. तिला बसायला एक बुटकं स्टूल हवं होतं, तिच्या मापाचं. मिस्त्रीनं तिला उभं केलं, बसवलं, गुडघ्यापासून माप घेतलं. आयुष्यभर दुसऱ्यांची मापं घेणाऱ्या बाईला कुणी पहिल्यांदाच माप घेऊन अवघडवलं होतं.

ती आठवड्यानं गेली, तेव्हा लाकूड वाळत होतं. परत गेली, तर पाय तासायचे होते. मिस्त्री आता आपल्या घरी राहायला गेला होता, जेवायला तेवढा आत्याकडे. कारखान्यात ताज्या भुशाचा वास सुटलेला आणि रंद्याखालून लाकडाच्या पापुद्र्यांची वळकटी सरसर बाहेर पडत होती.

"झालं का हो स्टूल?"

"उद्या या," तो वर न बघता म्हणाला.

"उद्या? नक्की?"

"उद्या म्हटलं ना, ताई. उद्या असतो मी इथे."

ओट्यावरून आत्या कडाडली, "बघितलंस ना रेडिओ! दोन आठवडे झाले, मेला नुसता उद्या उद्या करतोय. जरा झाप त्याला!"

मावशीनं तोंड उघडलं. गिऱ्हाइकांना आयुष्यभर उद्याचे वायदे दिलेली बाई ती. या एका वायद्याला काय काय सुनावता येतं, ते सगळं तिला पाठ होतं. पण तिनं काहीच म्हटलं नाही. पिशवी खांद्याला लावली, रंद्याचा आवाज जरा वेळ ऐकत उभी राहिली, आणि म्हणाली, "बरं, येते मग उद्या."